विकून ठेवलेले रेडिओ

गोविंदराव वझलवारांनी मला फसवलं. त्यांनी आपल्या घरातले सगळे जुने रेडिओ मला विकले आणि विकूनही ते स्वतःकडेच ठेवले. हे त्यांनी कसं साधलं ते पुढे येईलच. पण आधी एवढं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण रामदासपेठेत अजून लोक म्हणतात की इतवारीच्या नथ्थूनं पोस्टातल्या बिचाऱ्या बाबूचा माल स्वस्तात उचलला. बिचारा म्हणे! त्या बिचाऱ्यानं मला जसं गुंडाळलं तसं इतवारीतल्या एकाही व्यापाऱ्यानं आजवर गुंडाळलेलं नाही.

मी इतवारीत आलो तो दुसऱ्याची हातगाडी ओढायला. नंतर स्वतःची गाडी केली आणि मग भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या सामानाचं दुकान टाकलं. कामठीच्या छावणीतल्या साहेबांची बदली झाली की ते घर जसंच्या तसं विकून जात. पंखे, आरसे, वेताच्या खुर्च्या, पितळी कंदील, सगळं मी उचलायचो. कळशी घेतली तर बोटानं वाजवून घ्यायची, खुर्ची घेतली तर तिचे चारी पाय जमिनीला टेकतात का पाहायचं, ही माझी रीत. डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे. पण डोकं तापलेलं असतानाही मी न पाहता माल घेतलेला नाही. एकदाच घेतला, तो गोविंदरावांचा.

गोविंदराव पोस्टात रेडिओच्या लायसनच्या खिडकीवर बसत. आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही, पण त्या काळी घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं आणि ते दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागायचं. शहरात कोणाकडे कोणता रेडिओ आहे हे त्यामुळे गोविंदरावांना तोंडपाठ होतं. माणूस उंच, वाकलेला, कोटाच्या खिशात कायम स्क्रू काढायचा एक पेचकस. रविवारी सकाळी दुकान उघडायला मी पोचावं, तर हे आधीच पायरीवर छत्री टेकवून उभे.

कधीही सरळ रेडिओकडे जायचे नाहीत. आधी लोटा उचलायचा.

"नथ्थूभाऊ, हा लोटा कसा दिला?"

मी भाव सांगायचा. ते मान हलवायचे, लोटा खाली ठेवायचे, घड्याळाची काच पुसायचे, खुर्चीला हात लावायचे आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं विचारायचे, "परवा धंतोलीचं एक लायसन रद्द झालं. चॉकलेटी रंगाचा, मोठ्या डायलचा. इकडे आला का?"

आलेला असायचाच. लोक तेव्हा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. खांद्याला अडकवून फिरता येणारा, दोन सेलवर बोलणारा. घरातला तो लाकडी पेटीचा, आतल्या दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा रेडिओ त्यांना अडगळ वाटायचा. ते पोस्टात जाऊन लायसन रद्द करायचे आणि पेटी माझ्याकडे आणून टाकायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "बाबूजी, किती जमा करून राहिले? घर आहे का गोदाम?"

ते पेटीच्या मागचा पुठ्ठा काढून आत नाक घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "रद्दचा शिक्का मीच मारतो ना, नथ्थूभाऊ. लोक निघून जातात आणि मला दिवसभर वाटत राहतं, आता त्या रेडिओला कोण विचारेल? म्हणून एकदा येऊन पाहतो."

"पाहून परत जावं मग."

"पाहिल्यावर परत जाता येत नाही," ते म्हणाले. मग पेटीवर थाप मारून, "हे शेवटचं."

हे शेवटचं! दर रविवारी शेवटचं. माझा हमालसुद्धा त्यांना आल्या आल्या विचारायचा, "आज कोन्तं शेवटचं, बाबूजी?" ते हसायचे. अपमान वाटून घ्यायचे नाहीत. त्यांना अपमान वाटायला लावणं फार कठीण होतं, आणि अशा माणसाशी भांडण जमत नाही. मला तर भांडल्याशिवाय सौदा केल्यासारखं वाटत नाही.

रेडिओ घरी न्यायची त्यांची एक युक्ती होती. संत्र्यांच्या लाकडी पेटीत टेबलावरचा रेडिओ बरोबर बसतो. तो आत ठेवायचा, वर संत्री पसरायची आणि रिक्षात घालून रामदासपेठेत. तिथे एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत ते, त्यांची बायको कमलताई आणि मुलगी सुधा राहत. हिवाळ्यात हे खपून गेलं. शेजारी म्हणायचे, वझलवारांकडे फळं फार खातात बुवा. पण गोविंदरावांना ऋतूंचं भान नव्हतं. ऐन उन्हाळ्यात एक हिरव्या डोळ्याचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की हिरवा दिवा उजळणारा सेट त्यांच्या नजरेत भरला. वर ठेवायला संत्री कुठून मिळणार? यांनी कांदे ठेवले.

हे मला कमलताईंनीच नंतर सांगितलं. "दारात पेटी घेऊन उभे. म्हणाले, कांदे आणले. मी म्हटलं, छान केलं, पण नथ्थूभाऊ, कांद्यांना वायर असते का हो? पेटीतून ही एवढी लोंबत होती!"

खरी अडचण वेगळीच होती. गोविंदराव लायसन भरायचे एकाच रेडिओचं. बाकीच्यांचं भरायचं तर पगार पुरला नसता. आणि लायसनच्या खिडकीवरचा बाबू स्वतःच बिनलायसनचे रेडिओ घरात भरून बसलाय, हे साहेबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी खिडकीवर दुसरा माणूस दिसला असता. त्यावर त्यांनी स्वतःपुरता एक कायदा काढला होता. रेडिओ घरी आणला की दुरुस्त करायचा. एकदा चालू करायचा. त्याच्या माथ्यावर तळहात ठेवून लाकूड कोमट होईपर्यंत थांबायचं, बातम्या किंवा गाणं जे लागेल ते ऐकायचं, आणि मग मागचा पुठ्ठा काढून आतले सगळे व्हॉल्व्ह उपसून घ्यायचे. ते कमलताईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत जायचे. "व्हॉल्व्ह काढले की तो रेडिओ नाही," ते मला समजावत, "नुसतं लाकडाचं खोकं आहे. खोक्याला लायसन लागत नाही." हे बोलताना आवाज मात्र बारीक व्हायचा. स्वतःचंच म्हणणं त्यांना पुरतं पटलेलं नसावं.

तर हे मला माहीत होतं. माहीत असून मी फसलो, याचा राग अजून जात नाही.

सुधाला पाहायला अकोल्याची मंडळी आली तेव्हा बसायला जागा नव्हती. कमलताईंनी रेडिओ ओळीनं मांडले, वर सतरंजी घातली, लोड टेकवले आणि दिवाण केला. मुलाचे वडील अंगानं भारी. ते बसले, आणि खालून कड्डकन आवाज आला. गोविंदराव हातातला चहा सोडून ओरडले, "सांभाळून! परदेशी आहे!"

ते गृहस्थ उठले. सतरंजी उचलून पाहिली. मग खोलीभर पाहिलं. कपाटावर रेडिओ, पलंगाखाली रेडिओ, देवघराच्या शेजारी रेडिओ. म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण वझलवार, तुमच्या घरात माणसं कुठे राहतात?"

साखरपुडा त्याच घरात करायचा ठरला. तोवर घर माणसांचं दिसलं नाही तर पुढचं बोलणं नाही, असं त्यांनी जाताना हसत हसत सुचवलं. सुधा त्या दिवशी जेवली नाही. कमलताईंनी सकाळी मला निरोप धाडला, हातगाडी घेऊन या.

गेलो. सौदा कमलताईंशी झाला. मी आयुष्यात अनेकांशी घासाघीस केली, पण या बाईसमोर माझा घसा बसला. मी म्हणायचो, "वहिनी, हे लाकूड किडलं," त्या म्हणायच्या, "मग सोडा, मी बंबात घालते." मी उठून दारापर्यंत गेलो तर त्यांनी मागून हाक मारली नाही. मला आपण होऊन परत यावं लागलं! गोविंदराव सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

शेवटी भाव जमला. मी रीतीप्रमाणे पेचकस मागितला आणि पहिल्या सेटचा पुठ्ठा उघडायला वाकलो. तेव्हा गोविंदराव पहिल्यांदा वळले. डोळे लाल. म्हणाले, "नथ्थूभाऊ, माझ्यासमोर एकेक उघडून पाहू नका. मला बघवणार नाही. जसे आहेत तसे घेऊन जा."

आता सांगा, माणसानं काय करावं? बाई डोळे पुसून राहिली, पोरगी आतल्या खोलीत दाराआड उभी. मी म्हटलं, "व्हॉल्व्ह आत टाकले ना, बाबूजी?"

ते म्हणाले, "तुम्हाला मुके रेडिओ विकीन का मी?"

मी पेचकस खाली ठेवला. हमालाला म्हटलं, "उचल गा, हळू." दोन खेपांत सगळा माल इतवारीत आला.

दुसऱ्या दिवशी महालातलं एक गिऱ्हाईक आलं. मी ऐटीत सेट लावला. दिवा लागला नाही. आवाज नाही. पुठ्ठा काढला तर आत नुसती भोकं. दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे पोकळ! ज्या नथ्थूनं आयुष्यभर कळश्या वाजवून घेतल्या, त्यानं दोन गाड्या भरून खोकी घेतली होती. गिऱ्हाईक हसत हसत गेलं. त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं.

मी तसाच चपला घालून पोस्टात गेलो. म्हटलं, आज या माणसाची खिडकीवरच अब्रू काढतो. लायसनच्या खिडकीसमोर रांग होती. रांगेत उभा राहिलो आणि मनातल्या मनात शिव्यांची जुळवाजुळव करत पुढे सरकलो. माझा नंबर आला. गोविंदरावांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांच्या मागच्याच टेबलावर त्यांचे साहेब बसले होते. मी तोंडातून 'रेडिओ' एवढा एक शब्द मोठ्यानं काढला असता तर काम फत्ते होतं. नोकरी गेली असती, अकोल्याची सोयरीकही गेली असती.

साहेबांनी मान वर केली. "काय पाहिजे?"

मी म्हटलं, "पोस्टकार्ड."

"ते पलीकडच्या खिडकीवर," गोविंदराव म्हणाले. मग कागदावर शिक्का मारता मारता, ओठ न हलवता, "थोडे दिवस थांबा, नथ्थूभाऊ. पाया पडतो."

मी पलीकडच्या खिडकीवर जाऊन खरंच एक पोस्टकार्ड घेतलं. कोणी याला दया म्हणू नये. नोकरी गेलेल्या माणसाकडून व्हॉल्व्ह वसूल होत नाहीत, एवढाच माझा हिशेब होता.

त्यानंतरच्याच आठवड्यात इतवारीत तपासणी आली. जुन्या सामानाच्या दुकानांत बिनलायसनचे चालू सेट ठेवतात, अशी कोणी तरी तक्रार केली होती. समोरच्या घड्याळवाल्याकडे तीन-चार सेट लावलेलेच सापडले. ते टेम्पोत घालून नेले, त्यालाही बरोबर नेलं. पुढे कितीतरी महिने तो कचेऱ्यांचे जिने चढत होता. मग ती माणसं माझ्या दुकानात शिरली. भिंतभर रेडिओ! मी लोट्यांच्या ढिगामागे जाऊन उभा राहिलो, जसं काही हे दुकान माझं नव्हतंच.

अधिकाऱ्यानं पहिला पुठ्ठा काढला. बॅटरी मारून आत पाहिलं. दुसरा काढला. तिसऱ्याला कंटाळला. "हे काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब, खोके आहेत. लाकडाच्या भावानं घेतले."

"भंगार," तो सोबतच्याला म्हणाला, आणि ते निघून गेले.

मी गादीवर बसलो. पाणी मागवलं, ते पिऊन आणखी मागवलं. रिकामा माल गळ्यात पडल्याचं सुख काय असतं ते त्या दिवशी कळलं. हमाल माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "सेठ, बाबूजीचं देणं आहे बरं तुमच्यावर." मी त्याच्यावर असा ओरडलो की गल्लीतली गाय दचकली.

पुढच्या रविवारी गोविंदराव आले. हातात संत्र्यांची पेटी. यावेळी संत्री खरी होती, हंगाम होता. संत्री काढली, खाली लुगड्याच्या चिंध्या. एकेक चिंधी सोडून त्यांनी एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरला.

"तुम्हाले माहीत होतं," मी म्हटलं. "तपासणी येऊन राहिली म्हून तुम्हाले आधीच माहीत होतं. काहून नाही सांगितलं मले?"

ते काच पुसत म्हणाले, "खिडकीवर कळलेलं खिडकीवर ठेवायचं असतं. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता?"

नसतो बसलो. दुपारच्या आत सगळ्या इतवारीला कळलं असतं. पण म्हणून काय झालं? खोटं बोलले ते बोललेच.

दिवसभर बसून त्यांनी सगळे सेट जोडले. प्रत्येक चालू केला, माथ्यावर हात ठेवला, थांबले. सगळ्यांत शेवटी, अकोल्याच्या व्याह्यांच्या वजनानं ज्याची कड फुटली होती तो सेट. तो खरखरला, आणि मग त्यातून एक बाई भजन म्हणू लागली. गोविंदराव माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो असेन, राग आवरत. दुकानासाठी रीतसर लायसनही काढलं. अर्ज त्यांनीच भरून दिला.

साखरपुडा झाला, सुधाचं लग्न झालं. मोकळ्या झालेल्या खोलीत पंगत बसली. कमलताई मला वाढताना म्हणाल्या, "नथ्थूभाऊ, या घराला भिंती आहेत हे मला किती वर्षांनी दिसलं!" आणि दोन जिलब्या जास्त घातल्या. सौद्यात त्यांनी जे हाणलं त्याची ती भरपाई असावी.

इथवर ठीक होतं. फसवणूक इथून पुढची.

गोविंदराव दर रविवारी दुकानात येतच राहिले. घरी एकही रेडिओ नेला नाही, बायकोला दिलेला शब्द पाळला. नेण्याची गरजच काय? सगळे माझ्याकडे होते. ते येत, लोट्याचा भाव विचारत, मग एकेक सेट लावत, धूळ पुसत, एखादा व्हॉल्व्ह बदलत. आणि गिऱ्हाईक आलं की मोडता घालत.

"हा घेणार? आवाज घोगरा आहे त्याचा."

"याला पावसाळ्यात सर्दी होते हो. दुसरं काही पाहा."

"तुमच्या घरी लहान मुलं आहेत? मग नको."

मी दात-ओठ खायचो. एकदा मी त्यांचा दंड धरून पायरीखाली उतरवलं. भर गल्लीत म्हटलं, "बाबूजी, माल माहा आहे! तुम्ही विकला मले!" ते म्हणाले, "तुमचाच आहे, नथ्थूभाऊ. मी नाही कुठं म्हणतो?" आणि पुढच्या रविवारी परत पायरीवर, छत्री टेकवून. बायको रोज विचारायची, "काहून विकून नाही राहिले जी तुम्ही ते डबडे?" तिला काय सांगू? माझ्या दुकानाची एक पूर्ण भिंत वर्षानुवर्षं त्या माणसाच्या ताब्यात होती, आणि भाडं म्हणून मला लोट्याचा भाव विचारला जात होता.

मग ते रिटायर झाले. मागोमाग रेडिओचं लायसनच बंद झालं. त्यांची ती खिडकी गेली, शिक्काही गेला. ही बातमी त्यांनी मला स्वतः येऊन सांगितली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. पण पायरीवर बसून हुश्श म्हणाले. "आता कोणी रद्द करायला येणार नाही."

सुधानं त्यांना अकोल्याला बोलावलं. जावयानं जवळच दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. निघायच्या दिवशी त्यांची रिक्षा माझ्या दुकानासमोर थांबली. रामदासपेठेतून स्टेशनला जायला इतवारी लागत नाही. आत वळकट्या आणि ट्रंकांत रुतून बसलेल्या कमलताईंच्या चेहऱ्यावर हे स्पष्ट दिसत होतं.

गोविंदराव आत आले. त्यांनी लोटा उचलला.

"हा कसा दिला, नथ्थूभाऊ?"

मी भाव सांगितला. त्यांनी लोटा ठेवला, घड्याळाची काच पुसली आणि मग भिंतीपाशी गेले. एकेका पेटीच्या माथ्यावर हात ठेवत चालत गेले. चालू एकही नव्हता, तरी प्रत्येकापाशी थांबले. कड फुटलेल्या सेटपाशी आल्यावर हात उचलेना.

"अहो, गाडी!" कमलताई रिक्षातून ओरडल्या.

"आलो. आलो." मग माझ्याकडे वळून हळूच, "हे शेवटचं."

मी मागून संत्र्यांची रिकामी पेटी आणली, सेट तीत बसवला, दोरी बांधली आणि रिक्षापाशी नेऊन उभा राहिलो. आता कमलताई काय करतात, या काळजीनं आम्ही दोघंही त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी पेटीकडे पाहिलं. एक वळकटी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.

"वर थोडे कांदे तरी ठेवा, नथ्थूभाऊ," त्या म्हणाल्या. "व्याही विचारतील."

किराणावाल्याकडून कांदे आणून मी वर पसरले. रिक्षा वळेपर्यंत गोविंदरावांचा हात पेटीवर होता आणि मागे वायर लोंबत होती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हटलं, सुटलो. भिंत माझी झाली, माल माझा झाला, आता बघता बघता विकतो.

दुसऱ्याच दिवशी एक भला माणूस आला. कपडे चांगले, भाव करण्याची इच्छा नाही, असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळतं. हिरव्या डोळ्याच्या सेटवर त्यानं बोट ठेवलं. "हा द्या."

आणि मी, नथ्थू, इतवारीतला, त्याला म्हणालो, "तो नका घेऊ. आवाज घोगरा आहे त्याचा."

आवाज अगदी खणखणीत आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की तो मीच लावतो, आणि लाकूड कोमट होईस्तोवर हात ठेवून उभा राहतो. म्हणजे हातगाडी ओढून उभं केलेलं माझं दुकान, आणि त्यात मी नोकर, आणि मालक बसलाय अकोल्याला! याचा जाब कोणी तरी दिला पाहिजे. कमलताईंनी नाही, त्यांनी सौदा चोख केला. गोविंदराव, तुम्ही द्या. आणि तो पत्रातून चालणार नाही. रविवारची गाडी धरा, इतवारीत या, लोट्याचा भाव विचारायचा असेल तर विचारा, पण या भिंतीसमोर उभे राहून मला सांगा, मी या तुमच्या रेडिओंचं काय करू?